चौदावा तास

९ जानेवारी

धाकट्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. फोन कापता येतो. कागद फार तर फाडता येतो, आणि फाडण्याआधी माणूस दोन ओळी वाचतोच.

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उत्तम झालं. पट्टी काढल्यावर तिने आधी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "केस इतके पांढरे झाले तुझे? कुणी सांगितलं नाही मला." आता ती घरभर धूळ शोधत फिरते. मी सकाळी सातला कारखान्यात पळते ते कामाच्या ओढीने की तिच्या धाकाने, हे माझं मला माहीत.

दुसरी बातमी माझी. आमचं विमान गेल्या मंगळवारी रंगून बाहेर आलं. दोन मजली, चार इंजिनांचं, पोटात पाचशे वीस माणसं. हँगरच्या दारातून निघताना शेपटी आणि चौकट यांच्यात जेमतेम वीतभर अंतर होतं. ट्रॅक्टरवाल्याने श्वास रोखून ओढलं. रिव्हेट मारणारे, वायरिंगवाले, झाडूवाले, सगळे आपापली घरची माणसं घेऊन उन्हात उभे होते. तूही तिथे असतास, पण पाच वर्षांपूर्वी समोरच्या कारखान्यात गेलास, आणि जाताना माझ्याशी बोललाही नाहीस. ते जाऊ दे.

तुमचंही तयार आहे म्हणे. फोटो पाहिला. दोन इंजिनं, एक मजला, तीनशे माणसं. देखणं आहे, खोटं कशाला बोलू? पण सतरा तास न थांबता उडायचं, निम्मा वेळ खाली नुसता समुद्र, आणि सगळी भिस्त दोन इंजिनांवर? माझं मांजरसुद्धा बसणार नाही.

त्या बड्या हवाई कंपनीला लांब पल्ल्याची चाळीस विमानं हवी आहेत. मे अखेर ठरवणार. एक तर आमचं, नाहीतर तुमचं. आमचंच ठरेल. तुला वाईट वाटू नये म्हणून आधीच कळवते.

तुझी ताई


११ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड पोचलं. "आईला नमस्कार. विमान उडेल तेव्हा बघ." पाच वर्षांनी सहा शब्द. आईने ते नव्या डोळ्याने तीनदा वाचलं आणि विचारलं, "तुम्ही दोघं मिळून एकच विमान का नाही बनवत? खर्चही वाचेल आणि भांडणही." मी म्हटलं, भांडण वाढेल.

पण खरं लिहायचंय ते परवाच्या सादरीकरणाचं. हवाई कंपनीच्या त्या काचेच्या सभागृहात तू समोरच्या रांगेत बसला होतास. कोट नवा होता. दाढी ठेवलीस, ती तुला शोभत नाही.

त्यांच्या खरेदीप्रमुख कॅप्टनबाई मला भारी आवडल्या. तीस वर्षं विमान चालवून मग खुर्चीत बसलेली बाई. तिच्यापुढे रंगीत तक्ते काय कामाचे? मी आमचं विमान समजावत होते, आणि त्यांनी मधेच विचारलं, "हे पाचशे वीस लोक मला रोज कुठून मिळणार?"

"मोठ्या शहरांतून, बाई. छोट्या गावांतून आणून तिथे जमवायचे."

"म्हणजे माणसाने आधी एक विमान पकडायचं, मग तुमचं, मग पुन्हा एक?"

मी उत्तर दिलं. चांगलं दिलं. आमचे मोठे साहेबही मान डोलावत होते. मग तू उठलास आणि म्हणालास, "लोकांना मोठं विमान नको असतं. घराजवळ उतरणारं हवं असतं." बाईंनी तेवढंच वहीत लिहून घेतलं. माझ्या बोलण्यातलं काहीच लिहिलं नव्हतं. पाहिलं मी.

नंतर व्हरांड्यात तू माझ्याजवळून गेलास आणि थांबलास.

"चष्म्याचा नंबर वाढला का गं?"

"वाढला. तुझ्या दाढीचं काय चाललंय?"

"चौदा मार्चला आमचं सतरा तासांचं उड्डाण आहे. कॅप्टनबाई येणार आहेत. इंधनाच्या पॅनेलवर मी बसतोय."

"स्वतः?"

"मग काय, गणित माझं आहे."

एवढंच बोललास आणि गेलास. तुझी चाल अजून बाबांसारखीच आहे, डावा खांदा पुढे काढून. जिना उतरताना मला हसू येत होतं आणि मोठे साहेब विचारत होते की इतकं काय चांगलं झालं. मी म्हटलं, आपण जिंकतोय.

तुझी ताई


३ मार्च

धाकट्या,

घाईत लिहिते आहे. आईच्या डोळ्याची जरा तक्रार आहे. डॉक्टरांनी चौदा तारखेला बोलावलंय. तुला बघायचंय म्हणते, सारखं तुझंच नाव काढते. त्या दिवशी तू इथेच ये. उड्डाण काय, दुसरं कुणीही करेल. पॅनेलवर बसायला तुमच्याकडे माणसांचा तोटा आहे का? चौदाला सकाळीच ये. तेरालाच आलास तर आणखी बरं.

नक्की ये.

ताई


५ मार्च

धाकट्या,

परवाचं पत्र फाडून टाक. आईच्या डोळ्याला काही झालेलं नाही. ती आत्ता माझ्यासमोर बसून सुईत दोरा ओवते आहे आणि मी काय लिहिते आहे म्हणून विचारते आहे. मी आयुष्यात इतकं भित्रं पत्र कधी लिहिलं नव्हतं. पेटीत टाकलं आणि दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

आता खरं काय ते ऐक. हे पत्र तू कुणालाही दाखव. तुमच्या साहेबांना दाखव, वकिलांना दाखव.

माझ्या विभागात एक तपासनीस आहे, आम्ही तिला टाचणी म्हणतो. बारीक आहे आणि टोचते, म्हणून. गेल्या महिन्यात तिने माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, "मॅडम, मागच्या टाकीचा व्हॉल्व्ह नियमाप्रमाणे दहा तास थंडीत ठेवून तपासतात. पण विमान तर सतरा तास उडणार. मग चाचणी दहाचीच का?"

मी म्हटलं, "नियम जुना आहे. तेव्हा इतकं लांब कुणी उडतच नव्हतं."

"म्हणजे कुणी बघितलेलंच नाही?"

आम्ही बघितलं. पाच व्हॉल्व्ह थंड खोलीत लावले, उणे चाळीसवर, आतून इंधन खेळवत. दहा तास झाले, ठीक. बारा झाले, ठीक. चौदाव्या तासाला उघडायचा आदेश दिला. पाचांतले तीन उघडले नाहीत. आतलं रबरी सील दगड होऊन नळीला चिकटलं होतं. पुन्हा केलं. पुन्हा तीन.

तुला हे समजावून सांगायला नकोच, तरी कागदावर असू दे. मागच्या टाकीतलं इंधन शेवटच्या तासांसाठी असतं. तो व्हॉल्व्ह उघडला नाही तर टाकी भरलेली असून इंजिनं उपाशी. आमच्याकडे त्या टाकीतून चार वाटा निघतात. एखाद-दोन बंद पडल्या तरी आम्ही उतरू. तुमच्याकडे एकच वाट आहे. आणि व्हॉल्व्ह तोच, त्याच पुरवठादाराचा. तुमच्या चित्रावरचा क्रमांक मी सादरीकरणात पाहिला होता. चौदाव्या तासाला तुम्ही कुठे असाल, तेही नकाशावर पाहिलं. चारी बाजूंना पाणीच पाणी.

मी मोठ्या साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चांगलं पकडलंस. आपण आपलं सील बदलू."

"आणि त्यांचं?"

"त्यांनी त्यांची चाचणी करावी. पुरवठादाराशी आपला करार आहे, बाहेर बोलायचं नाही असा. शिवाय त्यांच्या घरात डोकावायचं आपल्याला काय कारण?"

"साहेब, त्या घरात माझा भाऊ आहे."

"म्हणूनच तू यात पडू नकोस. आणि मला एक सांग, भाऊ नसता तर?"

धाकट्या, मला उत्तर द्यायला वेळ लागला. लाज वाटली, पण लागला. शेवटी म्हटलं, "नसता तरी."

घरी येऊन मात्र ते आईच्या डोळ्याचं पत्र लिहिलं. म्हणजे तुला वाचवायचं आणि विमानाला जाऊ द्यायचं. तुझ्या जागी जो बसला असता, त्याचीही कुणीतरी ताई असेल, हे पत्र पेटीत टाकल्यावर सुचलं.

आज सकाळी मी विमानसुरक्षा कार्यालयाला सगळे आकडे माझ्या सहीने पाठवले. एक प्रत पुरवठादाराला, एक मोठ्या साहेबांच्या टेबलावर त्यांच्यादेखत ठेवली, आणि एक ही, तुला. चोरून काही केलेलं नाही. त्यामुळे आज जेवण व्यवस्थित गेलं.

आता लिहायला बसलेच आहे तर तेही सांगून टाकते. पाच वर्षांपूर्वी भर बैठकीत तू दोन इंजिनांचं गणित मांडलंस. मी तुझी विभागप्रमुख होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "हे शाळेच्या वहीतलं गणित आहे." लोक हसले. तू कागद गोळा केलेस आणि पंधरा दिवसांत गेलास. तू समजतोस की मी ते नीट वाचलं नव्हतं. वाचलं होतं. तीन दिवस खपून आकडा न् आकडा तपासला होता. एक चूक सापडली नाही. तुझं गणित खरं ठरलं असतं तर आमच्या चार इंजिनांवरचं माझं सहा वर्षांचं काम पाण्यात गेलं असतं, आणि ते मांडणारा माझा धाकटा भाऊ होता, ज्याला सायकल मी शिकवली.

बस्स. माफी वगैरे भेटल्यावर मागेन, पत्रात ती स्वस्त पडते.

चौदाला उडू नका.

ताई


२४ मार्च

धाकट्या,

तुझा फोन आला तेव्हा मी जिन्यात होते, हातात भाजीची पिशवी. तू म्हणालास, "ताई." मग म्हणालास, "तुझं अक्षर अजून तसंच घाण आहे. व्हॉल्व्हच्या जागी मी आधी बल्ब असं वाचलं."

आणि मग हळूच, "आम्हीही चौदा तास ठेवून बघितले. पाचांतले चार अडकले."

मी तिथेच पायरीवर बसले. वरच्या मजल्यावरच्या काकू उतरत होत्या, त्यांना वाटलं मला चक्कर आली.

आता इकडचं ऐक. सुरक्षा कार्यालयाने सील बदलेपर्यंत दोन्ही विमानं जमिनीवर ठेवली आहेत, आमचंही. तुमचं उड्डाण रद्द झालं तेव्हा आमच्याकडे काहींनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी आमचंच रद्द झालं तेव्हा तेच लोक माझ्याकडे बघेनासे झाले. कँटीनमध्ये मी बसले की टेबल रिकामं. तिसऱ्या दिवशी टाचणी आपलं ताट घेऊन आली, समोर बसली आणि म्हणाली, "इथे तरी ऐसपैस बसता येतं."

मला इंधन विभागातून काढून पुस्तिका विभागात टाकलंय. विमान कसं चालवायचं ते इथे लिहितात. साहेबांनी बोलावून सांगितलं, त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी विचारलं, "किती दिवस?" ते म्हणाले, "वरचे लोक विसरेपर्यंत." मी म्हटलं, मी विसरू देणार नाही.

खरं सांगू? मजा येते आहे. काल एका पुस्तिकेत वाक्य सापडलं, "इंधन संपल्यास घाबरून जाऊ नये." मी ते खोडून, काय करायचं ते अकरा ओळींत लिहिलं. तिथला म्हातारा संपादक म्हणाला, तीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी हे वाक्य वाचलं.

आणि सुरक्षा कार्यालयाचं पत्र आलंय. नव्या सीलसह तुमचं लांब उड्डाण होईल तेव्हा साक्षीदार म्हणून ज्याने दोष शोधला त्याने विमानात असावं, असं त्यांचं म्हणणं आहे. टाचणीला विचारलं, ती म्हणाली, "मला शिडीवर चढलं तरी पोटात गोळा येतो." म्हणजे मीच.

दाढी काढून ठेव. मी सतरा तास ती बघणार नाही.

ताई


१९ एप्रिल, विमानात

धाकट्या,

तू माझ्यापासून बारा पावलांवर बसला आहेस आणि मी तुला पत्र लिहिते आहे. दुसरं करायचं काय? साक्षीदाराने कामात लुडबुड करायची नाही, असं मला लेखी दिलंय.

सकाळी निघालो तेव्हापासून आपण सूर्याच्या मागे मागे पळतो आहोत, त्यामुळे तेरा तास झाले तरी खिडकीत लख्ख दुपार आहे. मधल्या खुर्च्यांच्या जागी पाण्याने भरलेली पिंपं बांधली आहेत, प्रवाशांच्या वजनाइतकी. त्यांच्या पलीकडे कॅप्टनबाई पाय लांब करून बसल्या आहेत. मघाशी येऊन म्हणाल्या, "तुमच्या कारखान्याचं विमान घ्यावं असं मला तुम्ही अजून पटवलं नाहीत. पण तुम्ही चढलात ते विमान सुरक्षित, हे पटलं." मी म्हटलं, हे आमच्या जाहिरातीत टाकू का? खूप हसल्या.

एक कबुली देते. तुमचं विमान शांत आहे. दोनच इंजिनं, आणि आपण दोघं कुजबुजून बोललो तरी ऐकू यावं इतकं शांत. मी चुकले होते. एवढंच आहे ते वाक्य. पाच वर्षं उगाच जड वाटत होतं.

तेरा तास चाळीस मिनिटं. तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. मी वर पाहिलं नाही, लिहीत राहिले. तुझ्या मानेवर घाम आहे. मी कागद गुडघ्यावर धरून लिहिते आहे, अक्षरावर बोलायचं काम नाही.

तेरा पन्नास. खाली निळं, वर निळं. एकही जहाज नाही.

तेरा अठ्ठावन्न. कॅप्टनबाई उठून तुझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. पायलटने विचारलं, "तयार?" तू म्हणालास, "तयार." बाबांचा आवाज तुझ्या गळ्यातून आला.

चौदा. तू बटण दाबलंस.

दिवा पिवळाच आहे. एक, दोन, तीन, चार सेकंद. मी मोजते आहे.

हिरवा.

इंधन पुढे येतंय, आकडा चढतोय. तू दोन्ही हात डोक्यावर ठेवलेस. पायलट हसतोय. बाई तुझ्या खांद्यावर थोपटत आहेत.

आता तू पट्टा सोडलास. इकडे येतो आहेस, डोळे पुसत, आणि मला दिसू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून. ये. पेन ठेवते.


२ जून

धाकट्या,

निकाल तुला माझ्याआधी कळला असेल, तरी माझ्या हातचा घे. तीस तुमची, दहा आमची. मोठ्या शहरांमधल्या गर्दीच्या वाटांवर आमचं उडेल, बाकी सगळीकडे तुमचं. अभिनंदन. आईने शेजारीपाजारी सांगितलं की तिच्या मुलांनी चाळीस विमानं विकली. मी दुरुस्त करायला गेले नाही.

रविवारी तू घरी आलास तेव्हा जिन्यात मला म्हणालास, "ताई, आमच्याकडे ये. तुझ्यासाठी जागा ठेवतो." मी नुसती हसले, तुला वाटलं विचार करते आहे. विचार वगैरे काही नव्हता. तुझ्या हाताखाली काम? स्वप्नातसुद्धा नाही.

आणि आता तर मुळीच नाही. काल मोठ्या साहेबांनी पुस्तिका विभागात स्वतः येऊन माझ्या टेबलावर टेकून सांगितलं की कारखाना नवं विमान बनवणार. लांब पल्ल्याचं. दोन इंजिनांचं.

"प्रमुख कोण?" मी विचारलं.

"तू. वरच्यांना मी सांगितलं, आपल्या विमानाचा दोष जी लपवत नाही तिच्या विमानात लोक बसतील." मग चष्मा पुसत म्हणाले, "त्या दिवशी तू ते पत्र माझ्यासमोर ठेवलंस. मी ते अडवू शकलो असतो. अडवलं नाही, एवढंच माझं कर्तृत्व. आता पुढचं तू कर."

मी एक अट घातली: टाचणी माझ्याबरोबर. तिला कळवलं तर म्हणाली, "जमिनीवरूनच ना?"

सोमवारपासून कामाला लागते आहे. पाच-सहा वर्षं लागतील. तुमचं विमान लांब जातं, आमचं त्याहून लांब जाईल, कमी इंधनात. तू हसशील. हस.

जाता जाता एक. परतीच्या उड्डाणात मी अगदी शेवटच्या रांगेत जाऊन बसले होते. तुमच्या मागच्या डाव्या दाराशी अकराव्या तासापासून बारीक शिटी वाजत होती. दाराच्या कडेची पट्टी थंडीत आखडत असावी. आज धोका नाही, पण एक-दोन वर्षांत होईल. आमच्यापैकी कुणालाही हे अजून सांगितलेलं नाही, आधी तुला सांगते आहे. लवकर दुरुस्त कर. मला तुमच्या विमानाला हरवायचंय, आणि ते तेव्हा अगदी ठणठणीत असायला हवं.

तुझी ताई